कसब्यापासून सदाशिवापर्यंत: पेठांतले वाडे आणि गल्ल्या कॅमेऱ्यात कशा धराव्यात?

लोलक

पुण्याच्या जुन्या पेठांमध्ये कॅमेरा घेऊन फिरणारे हल्ली खूप दिसतात आणि मला ते मनापासून आवडतं. पण जे फोटो पुढे फिरतात त्यांत विषय ठरलेले: शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा, विश्रामबागवाड्याची दर्शनी बाजू, नाहीतर पोपडे उडालेला एखादा निळा दरवाजा. सुंदर असतात, त्यात वाद नाही. मात्र गल्ली कोणती, वाडा कोणाचा, फोटो कधीचा, यातलं काहीच सोबत नसतं. उद्या तिथे सहा मजली इमारत उभी राहिली की तो निळा दरवाजा नेमका कुठे होता हे कुणालाच सांगता येणार नाही.

म्हणून हा धागा. पेठांचे फोटो चांगले तर यावेतच, पण पंचवीस वर्षांनी अनोळखी माणसालाही ते वापरता यावेत, यासाठी कोण काय करतं ते इथे लिहू या. सुरुवात मी करतो.

आधी उजेड. दिल्ली दरवाजा उत्तरेकडे तोंड करून आहे. त्यामुळे थंडीत, म्हणजे पाहुणे सर्वांत जास्त येतात तेव्हा, सूर्य दिवसभर त्याच्या पाठीमागे असतो. दरवाजा सावलीत, मागचं आभाळ पांढरंफटक. त्या दिवसांत कितीही चांगला कॅमेरा नेलात तरी दगड सपाटच दिसणार. मे महिन्यात सूर्य उत्तरेकडे झुकून उगवतो. तेव्हा सकाळी सात-साडेसातला उत्तरेच्या तटावर तिरपं ऊन घासत जातं. खालचा घडीव दगड कुठे संपतो आणि वरची वीट कुठे सुरू होते ती रेघ, बुरुजांची गोलाई, दगडांमधले सांधे, सगळं उठून येतं. पुढे जून-जुलैत ऊन या बाजूला असतं खरं, पण ढग ते दिसू देत नाहीत. म्हणजे हाताशी असतो तो एप्रिलअखेर ते मेअखेरचा काळ.

वाड्याची वास्तुशांत १७३२ ची. आतले लाकडी महाल १८२८ च्या आगीत गेले. उरला तट, दरवाजे, जोती आणि दिल्ली दरवाज्यावरचा नगारखाना. आत जाऊन 'काहीच नाही' म्हणत परत फिरणाऱ्यांना माझं सांगणं असतं की जोत्यांचे फोटो काढा. खांबांच्या तळखड्यांच्या ओळी बघा, दालन केवढं होतं ते तिथे कळतं. आणि नगारखान्याचं लाकूड जवळून बघा, म्हणजे जळालेल्या महालांची थोडी कल्पना येते.

विश्रामबागवाडा पूर्वेकडे तोंड करून बाजीराव रस्त्यावर आहे, त्यामुळे सकाळची वेळ त्याची. रविवारी सकाळी लवकर, तुळशीबागेची गर्दी आणि बस सुरू व्हायच्या आधी. समोरच्या पदपथावरून सुरूच्या झाडाच्या आकाराचे लाकडी खांब आणि त्यांवर कोरलेली केळफुलं सरळ दिसतात. वाडा दुसऱ्या बाजीरावाचा, १८०७ च्या सुमाराचा. १८७९ मध्ये बुधवारवाड्याबरोबर यालाही आग लागली होती. बुधवारवाडा गेला, हा वाचला.

आता सगळ्यांना छळणारी गोष्ट. गल्ली दोन-तीन मीटरची, वाडा दोन मजली. फोन वर केला की भिंती एकमेकींकडे झुकतात. उपाय साधा आहे: फोन वर करायचाच नाही. उभा धरायचा, अगदी ओळंब्यात, आणि जमेल तेवढं मागे सरकायचं. खाली रस्ता जास्त येईल, तो नंतर कापता येतो. तरीही वरची कौलं येत नसतील तर समोरच्या घरात विनंती करून पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून काढायचा. लोक नाही म्हणत नाहीत, हा माझा अनुभव आहे. अतिरुंद भिंग शक्यतो टाळा. कोपऱ्यातलं सगळं ताणलं जातं आणि कोरीव खांबाची जाडी-उंची खोटी दिसते.

बाकीच्यांनी भर घाला.

पेठेतला

धागा उत्तम. दर्शनी भागाबद्दल लिहिलंत, मी आतल्याबद्दल लिहितो, कारण वाडा आतून कळतो.

वाड्यात चौक लख्ख आणि ओसरी अंधारी. ऐन दुपारी काढलात तर एकतर चौक जळतो नाहीतर ओसरी काळी होते. मी पावसाळ्यातला ढगाळ दिवस पकडतो. चौकातून येणारा उजेड मऊ असतो, ओसरीत तो हळूहळू कमी होत जातो आणि कडीपाट, म्हणजे कड्या-फळ्यांचं लाकडी छत, थेट भिंतीपर्यंत दिसतो. कडीपाटाचा फोटो जमिनीवर फोन ठेवून, भिंग वर करून काढा. कड्या कोणत्या दिशेला टाकल्या आहेत, तुळई कुठे टेकली आहे, मध्येच एखादी कडी बदलली आहे का, सगळं एका फोटोत येतं. जोत्याचा दगड, त्यावर सागवानी सांगाडा, मध्ये वीट आणि पांढरी माती: वाड्याचं हे सगळं बांधकाम पोपडा निघालेल्या एका कोपऱ्यात दिसतं. लोक तो कोपरा टाळतात. मी आधी तोच काढतो.

दिंडी दरवाज्याजवळ, म्हणजे मोठ्या दारातल्या छोट्या दाराशी, थांबलात तर अडसर सरकवायची भिंतीतली भोकं, कडी-कोयंडा, दिंडीच्या उंबऱ्याला पडलेली झीज हे घ्या. देवळ्या, कोनाडे, भिंतीतल्या खुंट्या घ्या. आणि जिना! वाड्यातला भिंतीच्या पोटातून जाणारा अरुंद जिना जवळजवळ कुणीच काढत नाही, कारण तिथे मागे सरकायला जागा नसते. खालून एक, वरून एक आणि मधल्या वळणावर एक, असे तीन काढले की भागतं.

भिडेवाड्याचं उदाहरण मनात घर करून आहे. १८४८ ला जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा सुरू केली ती जागा. न्यायालयाच्या निकालानंतर डिसेंबर २०२३ मध्ये तिथली जीर्ण इमारत पाडली, स्मारकासाठी. स्मारक व्हायलाच हवं. पण माझ्या ओळखीतल्या लोकांच्या संग्रहात रस्त्यावरून दिसणारा भाग भरपूर आहे, जिना आणि मागची बाजू एकाकडेही नाही.

नागझरी

दगडाबद्दल थोडं. सोमवार पेठेत नागझरी ओढ्याच्या काठाला त्रिशुंड गणपतीचं देऊळ आहे, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातलं, गोसाव्यांनी बांधलेलं. पुण्यात दगडात एवढं कोरीव काम असलेलं दुसरं देऊळ मला माहीत नाही. दर्शनी भिंतीवर एक शिल्पपट आहे: साखळदंडाने जखडलेला गेंडा आणि त्याच्याजवळ बंदूकधारी गोरे शिपाई. बंगाल-आसाम इंग्रजांच्या हाती गेल्याचं ते रूपक, असा अर्थ बरेच अभ्यासक लावतात. पुण्याच्या देवळावर गेंडा! तो जवळून बघताना मी दर वेळी थक्क होतो. शिपायांच्या अंगावरचा पोशाख नीट टिपायचा तर लांब भिंग हवं, कारण पट डोळ्यांच्या पातळीच्या वर आहे.

काळ्या दगडाची अडचण अशी की कॅमेरा त्याला काळा राहू देत नाही. आपोआप उजळवतो आणि काळा बेसॉल्ट राखाडी करतो. उजेडाची मात्रा (एक्स्पोजर) स्वतःहून पाऊण ते एक पायरी खाली आणा. पाऊस पडून गेल्यावर जा. ओल्या दगडात खाचांची सावली गडद होते आणि नक्षी सुटी सुटी दिसते. फ्लॅश अजिबात नको, समोरून मारलेल्या उजेडात उठाव मरतो.

वसुधा_कसबा

मी कसबा पेठेत वाड्यात राहते. लग्न होऊन आले ती याच वाड्यात. तुमचे प्रतिसाद वाचले, चांगले आहेत, पण आमच्या बाजूनेही कुणी लिहायला हवं म्हणून लिहिते.

आमची दिंडी दिवसभर उघडी असते, कारण आत चार बिऱ्हाडं आहेत. त्याचा अर्थ आत यायला सगळ्यांना मुभा आहे असा होत नाही. लोक थेट चौकात येतात. सासूबाई नळावर असतात, दोरीवर कपडे असतात, त्यांचे फोटो काढतात आणि निघून जातात. लग्नाआधीच्या फोटोंसाठी आलेल्या एका जोडप्याने आमच्या जिन्यावर कपडे बदलायला जागा मागितली होती. एकदा नातवाने मला फोनवर दाखवलं, आमचीच ओसरी, आणि खाली लिहिलेलं 'ओसाड वाडा'. आम्ही अकरा माणसं राहतो इथे. वाईट वाटतं हो.

मी फोटोंच्या विरोधात नाही. दारात उभं राहून 'काकू, येऊ का' एवढं विचारा. नाव सांगा. कुठे टाकणार ते सांगा. आणि फोटो आम्हालाही द्या. आजवर जेवढ्यांनी काढले त्यातल्या एका मुलीने तेवढे आणून दिले, कागदावर छापून. ते आमच्या देवघराशेजारी लावले आहेत.

दुसरं म्हणजे, आमचा वाडा आता जाणार आहे. दर पावसाळ्यात धोकादायक म्हणून नोटीस लागते. मालकी सात जणांत वाटलेली आहे, भाडेकरूंची भाडी जुन्या कायद्यातली, त्यात कौलंसुद्धा चाळून होत नाहीत. दुरुस्तीला कोण पैसे घालणार? विकसकाशी करार झाला आहे. मला नव्या घराची ओढ आहे, खोटं कशाला बोलू, सासूबाईंना रात्री जिना उतरून जावं लागतं. पण पाडायच्या आधी सगळा वाडा कुणीतरी नीट टिपून ठेवावा असं फार वाटतं. चौकातला हौदसुद्धा. कात्रजच्या नळाचं पाणी त्याला यायचं असं सासरे सांगायचे. हे काम कसं करतात ते इथल्या कुणाला माहीत असेल तर सांगा.

लोलक

वसुधाताई, तुम्ही लिहिलंत ते या धाग्यावरचं सर्वांत महत्त्वाचं. तुमचा वाडा टिपायला मी येईन, आणखीही मंडळी येतील. एक विनंती: हौदाबद्दल तुमच्या सासऱ्यांनी सांगितलेलं जेवढं आठवतं तेवढं आत्ताच लिहून किंवा बोलून ठेवा. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावापासून शहरापर्यंत जमिनीखालून बांधीव नळ आणला, तिथून पाणी हौदांत यायचं. सार्वजनिक हौद लोकांना माहीत आहेत, काळा हौद, नाना हौद. खासगी वाड्यांतल्या हौदांची माहिती मात्र घरच्याच माणसांकडे असते. पाणी कुठल्या कोपऱ्यातून यायचं, जादा पाणी कुठे जायचं, तोटी दगडी होती का, हे सगळं हवंय.

नोंदकार

मी वास्तुशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. वाड्यांचं मोजमाप हा आमच्या अभ्यासाचा भाग होता, म्हणून सांगते.

आधी कागदावर हाताने तळमजल्याचा आणि माडीचा ढोबळ नकाशा काढायचा. प्रत्येक खोलीला आकडा द्यायचा. मग प्रत्येक खोलीत चार कोपऱ्यांत उभं राहून समोरच्या कोपऱ्याकडे एकेक फोटो, शिवाय छत आणि जमीन. फोटोच्या नावात खोलीचा आकडा. हे कंटाळवाणं आहे, पण नंतर वाडा डोक्यात उभा करायला हेच उपयोगी पडतं. 'सुंदर' फोटो त्यानंतर.

मापासाठी फोटोत काहीतरी ठराविक लांबीचं ठेवा. आम्ही एक मीटरची पट्टी वापरायचो, काळे-पांढरे पट्टे रंगवलेली. खांब, महिरप, खिडकी यांच्या शेजारी ती उभी करायची, भिंतीला समांतर.

चौकाचं त्रिमितीय प्रतिरूप फोनच्या फोटोंतूनही होतं. अट एवढीच की प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा सत्तर टक्के भाग पुन्हा आला पाहिजे, आणि एका जागी उभं राहून गोल फिरायचं नाही, चालत चालत काढायचे. ऊन-सावली सरकायच्या आत आटपायचं, म्हणून इथेही ढगाळ दिवसच बरा. काच, पाणी आणि दोरीवर हलणारे कपडे यांचं प्रतिरूप नीट बनत नाही. कपडे तेवढा वेळ काढून ठेवायची विनंती करावी लागते.

धुळाक्षर

धागा वाचतोय, आवडतोय. पण सगळे इमारतींबद्दलच बोलताहेत. पेठ म्हणजे माणसं आणि त्यांचे धंदे. तांबट आळीत जा. कसब्यात शिरलात की आधी ठोके ऐकू येतात, आळी नंतर दिसते. तापवून मऊ केलेल्या तांब्यावर हातोडीने एकाला एक लागून ठोके देत जातात, त्याला मठारकाम म्हणतात. त्याने पत्रा कडक होतो आणि भांड्यावर बारीक बारीक चकत्यांची चमक येते. एखाद्या घंगाळावर त्या चकत्या काठापासून बुडापर्यंत ओळीने उतरत गेलेल्या असतात. कारागीर भांडं खुंटावर फिरवत राहतो, हातोडी पडते त्याच जागी. डोळे भांड्यावर, आणि तोंडाने शेजाऱ्याशी बोलणं चालू.

तिथे फोटो काढताना दोन गोष्टी पाळा. कामाचे पैसे नगावर असतात, त्यांना 'जरा थांबा, असं धरा' म्हणायचं नाही. आणि फ्लॅश नाही. चमकत्या तांब्यावर फ्लॅश उसळून थेट डोळ्यात जातो आणि हातोडी बोटावर बसू शकते. दाराच्या बाजूने येणाऱ्या उजेडात, बाजूला उभं राहून काढा. आणि निघताना एखादं भांडं विकत घ्या, घरात वापरायला.

पेठेतला

पूर्ण सहमत. भर एवढीच की आळीचं नाव असलेली पाटी, दुकानाच्या पाट्या, बुरूड आळीतले टोपली-सुपांचे ढीग, हेही घ्या. धंदा उठून गेला तरी नाव राहतं, मग कुणाला पत्ता लागत नाही की नाव कशावरून पडलं.

ओटीवरून

एक तांत्रिक प्रश्न. पेठेतल्या कुठल्याही फोटोत वायरींचं जाळं येतं. केबल, वीज, इंटरनेट. मी त्या संपादनात पुसून टाकतो. आता फोनमध्येच सोय आहे. इथल्या लोकांचं मत काय? मला वाटतं त्यामुळे वास्तू मोकळी दिसते.

लोलक

माझं मत स्पष्ट आहे: पुसू नका. निदान मूळ फोटो तसाच ठेवा. वायर पुसताना यंत्र तिच्यामागचं लाकूड स्वतःच्या मनाने भरतं. केळफुलाच्या पाकळ्या सात असतील तर सहा करतं, आणि पाहणाऱ्याला कळतही नाही. नोंद म्हणून तो फोटो तिथेच बाद होतो.

ओटीवरून

भिंतीवर लावायच्या फोटोचं काय पण? मी प्रदर्शनासाठी काढतो, संग्रहालयासाठी नाही. डोळा वायरींकडेच जातो, महिरपीकडे जात नाही. चित्रकार वाड्याचं चित्र काढताना वायरी गाळतोच की.

नोंदकार

चित्र बघताना ते चित्र आहे हे माहीत असतं. फोटोवर लोक विश्वास ठेवतात. पुसलात तर फोटोखाली तसं लिहा, एवढं पुरे.

शिवाय वायरी, मीटरचे खोके, प्लास्टिकची पाण्याची टाकी, माडीवर नंतर घातलेला पत्रा, हाही वाड्याचा इतिहासच आहे. एका वाड्यात किती बिऱ्हाडं झाली हे मीटरच्या पाटीवरून मोजता येतं.

ओटीवरून

खाली लिहायची कल्पना मान्य. मूळ फोटो जपून ठेवतोच. पुसण्याबाबत मात्र माझं मत कायम.

सातासमुद्रापार

शनिवार पेठेत नदीच्या बाजूला वाढलो, आता बरीच वर्षं न्यू जर्सीत आहे. माझा मुद्दा वेगळा आहे, पण धाग्याला धरून आहे.

आमचा वाडा पाडला तेव्हा कुणीही फोटो काढले नव्हते. मग मागच्या वर्षी वडिलांचे अल्बम स्कॅन करताना लक्षात आलं की वाडा त्यांतच आहे. काकाची मुंज: मागे चौक, तुळशीवृंदावन, ओसरीचे तीन खांब. आत्याची मंगळागौर: माजघराची भिंत, कोनाडा, खुंटीवर टांगलेला कंदील. लग्नाची पंगत: पडवी शेवटपर्यंत. माणसं सोडून मागचं बघायला लागलो आणि एकेक फोटो शेजारी लावत गेलो, तर तळमजला जवळजवळ पूर्ण जुळला. वडिलांना दाखवला तर म्हणाले, न्हाणीघर चुकीच्या बाजूला काढलंस. त्यांनी दुरुस्त करून दिलं.

तेव्हा सगळ्यांना विनंती, घरचे अल्बम काढा. स्कॅनर नसेल तर खिडकीजवळ, थेट ऊन नसलेल्या जागी फोटो सपाट ठेवून वरून सरळ काढा. चिकटपानाच्या अल्बममधून जोर लावून उपटू नका, तसाच पानासकट काढा. फोटोच्या मागे कुणी काही लिहिलं असेल तर तीही बाजू घ्या. आणि ज्येष्ठ मंडळी आहेत तोवर त्यांना शेजारी बसवून नावं विचारा. मागे लिहायचं तर मऊ पेन्सिलीने, शाई उतरते.

नागझरी

हा प्रतिसाद छापून ठेवण्यासारखा आहे.

शनिवार पेठेचा विषय निघालाच आहे तर पानशेतचं धरण फुटून आलेल्या पुराचं लिहायला हवं. १२ जुलै १९६१. नदीकाठच्या पेठांतले वाडे पाण्यात उभे राहिले आणि मातीच्या भिंती बसल्या. म्हणून नदीच्या बाजूच्या गल्ल्यांतून फिरताना मध्येच साठच्या दशकातल्या सिमेंटच्या इमारती लागतात आणि फोटो काढणारे त्या वगळून पुढे जातात. मला वाटतं त्या वगळू नयेत. पुरानंतर शहर कसं सावरलं ते त्या इमारतींत आहे. गोल कोपऱ्याच्या गॅलऱ्या, लोखंडी जाळ्यांवरचे सूर्य आणि कमळं, मोझॅकचे जिने, दर्शनी भागावर सिमेंटमध्ये उठवलेलं नाव आणि साल. त्याही आता पाडल्या जात आहेत, आणि त्यांच्या बाजूने बोलणारं कुणी नाही.

भरतकाम

मी नवीन आहे, दोन शंका. एक, लोकांच्या घरांचे फोटो टाकणं कायद्याने चालतं का? दोन, तिपाई घेऊन गेले तर हटकतात, तेव्हा काय करावं?

लोलक

रस्त्यावरून इमारतीचा फोटो काढणं आणि छापणं याला १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात मोकळीक आहे, कलम ५२ मध्ये वास्तूंच्या छायाचित्रांचा स्पष्ट उल्लेख आहे. पण ती वास्तूच्या कॉपीराइटपुरती. घरात शिरायला, माणसांचे फोटो वापरायला त्यातून परवानगी मिळत नाही. वसुधाताईंनी लिहिलं आहे तेच खरं: विचारा.

तिपाईबद्दल: शनिवारवाडा केंद्रीय पुरातत्त्व खात्याकडे आहे, तिथे तिपाई लावायला आधी परवानगी काढावी लागते. गल्ल्यांत कायद्याचा प्रश्न नाही, पण गल्ली एवढीशी, त्यात दुचाकी, हातगाडी, शाळेची मुलं. मी तिपाई नेतच नाही. भिंतीला किंवा खांबाला खांदा टेकवून श्वास सोडताना काढला की पुष्कळ स्थिर येतो. गणपतीत मात्र वास्तूंचे फोटो काढायला जाऊ नका, मांडवांनी दर्शनी भाग झाकलेले असतात. तेव्हा मिरवणूक काढा, लोक काढा.

नोंदकार

घरांबद्दल एक सावधगिरीची सूचना. जुन्या कोरीव लाकडाला बाजारात चांगला भाव आहे. रिकाम्या पडलेल्या वाड्यांतून महिरपी, खांब, पितळी कड्या रातोरात गेल्याचं ऐकलं आहे. वाड्यात कोणी राहत नसेल तर आतल्या कोरीव कामाचा फोटो पत्त्यासह सार्वजनिक करू नका. पत्ता आपल्या नोंदीत ठेवा, बाहेर फक्त पेठेचं नाव. फोनमधल्या फोटोत जागेची माहिती आपोआप चिकटलेली असते, ती टाकण्याआधी काढून टाका.

धुळाक्षर

हे खरं आहे. बुधवारी नाहीतर रविवारी जुन्या बाजारात चक्कर मारली तर वाड्यांच्या कड्या, कुलपं, बिजागऱ्या पोत्यावर मांडलेल्या दिसतात. कुठल्या वाड्याच्या, ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं.

भरतकाम

धन्यवाद. मग फोटो शेवटी ठेवायचे कुठे? फोनमध्ये पडून राहतात आणि फोन बदलला की जातात.

लोलक

मी असं करतो. फाइलच्या नावात पेठ, गल्ली, वाड्याचं नाव, तारीख. उदाहरणार्थ: कसबा, आळीचं नाव, वाड्याचं नाव, दर्शनी-पूर्व, वर्ष-महिना-दिवस. कुठल्या बाजूकडे तोंड करून काढला ते लिहिलंत तर फार बरं. सगळं दोन वेगळ्या ठिकाणी साठवतो, त्यातलं एक घराबाहेर. रस्त्यावरून काढलेले फोटो मी विकिमीडिया कॉमन्स या सर्वांसाठी खुल्या ऑनलाइन संग्रहात मुक्त परवान्याने चढवतो, मराठीत वर्णन लिहून. तिथे टाकलं की माझा फोन हरवला, मी नसलो, तरी कुणालाही सापडतं. आतले फोटो घरच्यांच्या परवानगीशिवाय कुठेही टाकत नाही, पण एक संच छापून घरच्यांना देतो. कागद टिकतो. फोटोमागे पेन्सिलीने नावं लिहायचं काम घरच्यांकडेच सोपवतो, ते त्यांनाच नीट जमतं.

वसुधा_कसबा

सगळ्यांचे आभार. घरात बोलले, शेजारच्या बिऱ्हाडांशीही बोलले. सगळे हो म्हणाले. माडीवरच्या काकांची एवढीच अट आहे की त्यांच्या देवघराचा फोटो बाहेर जाऊ नये. सासूबाईंनी हौदाबद्दल सांगायला सुरुवात केली आहे, मुलाने फोनवर आवाज धरून ठेवला. पाणी ईशान्येच्या कोपऱ्यातून यायचं म्हणतात, आणि तोटी दगडी होती, गोमुखासारखी. ती आता फरशीखाली आहे. पाडणाऱ्यांना सांगून ती उचलून काढता येईल का, तेही बघायचं आहे.

पाडकाम दिवाळीनंतर आहे, तोवर दोन-तीन ढगाळ रविवार नक्की मिळतील. लोलक, नोंदकार, तुम्ही कधी येताय ते व्यक्तिगत निरोपात कळवा, पत्ता तिथेच देते. मीटरची पट्टी आमच्याकडे नाही, घेऊन या. गाडी मेट्रोच्या स्टेशनाकडे लावून चालत या, गल्लीत जागा मिळत नाही. आणि जिन्याची वरून तिसरी पायरी हलते, तिथे भिंतीच्या बाजूने पाय टाका.

नोंदकार

येत्या रविवारी सकाळी आठला चालेल का? माझ्याबरोबर वर्गातल्या दोन मैत्रिणी आहेत, एक नकाशा काढेल, एक मापं घेईल. फरशी उचलायची वेळ येईल तेव्हाही आम्हाला बोलवा. हौदाची तोटी जागेवर असतानाच तिचं माप घ्यायला हवं, एकदा काढल्यावर पाण्याचा उतार कळणार नाही.

वसुधा_कसबा

चालेल. आठला या, उपमा करून ठेवते.